उजव्या ब्रॅकेटचा कान

त्या म्हाताऱ्याला मी पहिल्याच दिवशी आवडले नाही आणि मला तो आवडला नाही. पुढे आमचं एकमत झालं ते एवढ्या एकाच बाबतीत.

म्हातारा म्हणजे वेल्डिंगचा मास्तर. टोकियोजवळ, उरायासुच्या पुढे, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आमची तंत्रशाळा होती आणि तिच्या वर्कशॉपवर तीस वर्षं त्याचं राज्य होतं. मी पुण्यात मेटलर्जी शिकले, जपानमध्ये डॉक्टरेट केली, एका संशोधन संस्थेत पाच वर्षं मायक्रोस्कोपखाली वेल्डचे तुकडे पाहत बसले आणि तिथलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मिळाली ती नोकरी धरली. भूकंपाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शाळेच्या आवारातला रस्ता अजून वरखाली होता, वर्कशॉपची जमीन एका अंगाला खचलेली होती आणि प्रत्येक टेबलाच्या दोन पायांखाली पत्र्याचे तुकडे सारलेले होते. कामाची वाटणी सोपी होती. वर्गात धातू मी शिकवायचा, वर्कशॉपमध्ये हात त्याने शिकवायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याने मुलांसमोर माझ्या हातात वेल्डिंगची टॉर्च दिली. "डॉक्टर, आपण एक रेघ ओढून दाखवावी. मुलांना शिकायला मिळेल," असं अगदी आदबीने म्हणाला. वेल्डच्या पोटात काय चालतं ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं, पण माझ्या हाताला त्याचा पत्ता नव्हता. माझी रेघ कुठे जाड, कुठे बारीक, मध्ये एक भोक. त्याने ती पट्टी थंड होऊ दिली, खडूने तिच्यावर तारीख घातली आणि नवशिक्या मुलांच्या पट्ट्या जिथे टांगलेल्या असत त्या भिंतीवर, सगळ्यांत खालच्या खिळ्याला अडकवली. मुलं हसली नाहीत. हसली असती तर मला कमी राग आला असता.

मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही. दाराशी त्याचा स्वतःचा एक नमुना टांगलेला होता, बारा वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा स्पर्धेत नावाजलेला. एका शनिवारी मी तो काढला, करवतीवर मधोमध कापला, घासून लख्ख केला, ॲसिड लावलं आणि सोमवारी वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवला. वरून देखणा, पण मुळाशी केसाएवढी फट. तिथे धातू एकजीव झालाच नव्हता. "वरवरच्या देखणेपणावर जाऊ नका," असं मी मुलांना सांगत होते आणि बघत होते त्याच्याकडे. तो शेवटच्या बाकाजवळ उभा होता. तास संपल्यावर त्याने दोन्ही तुकडे मागून घेतले आणि पुन्हा दाराशी टांगले, कापलेली बाजू बाहेर करून.

त्या दिवसापासून तो माझ्याशी फक्त अतिआदराने बोलायला लागला. माणसाला चार हात लांब ठेवायला जपान्यांना शिवी लागत नाही, आदर वाढवला की भागतं. "आपण यावं", "आपण पाहावं", "आपली हरकत नसेल तर". मराठीत सांगायचं तर त्या 'आपण'ने माझ्या डोक्यात तिडीक जायची. मीही त्याच्याशी तसंच बोलायचे. मुलं दोघांच्या मध्ये मान खाली घालून उभी असायची.

वर्गातल्या सहा जणांत एकच मुलगी होती. वीस वर्षांची, बुटकी, तुटक बोलणारी. पण हात असा स्थिर, की तिने टॉर्च धरली की मी माझं काम सोडून बघत उभी राहायचे. रेल्वेच्या डब्यांखालचे, चाकांचे सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत तिला जायचं होतं. कारखाना योकोहामाच्या बाजूला. शाळकरी वयात ती फलाटाच्या टोकाला उभी राहून डब्यांखालचे जोड निरखायची, असं तिने मला एकदा सांगितलं आणि वेळ घेतल्याबद्दल लगेच माफीही मागितली.

ती कंपनी आमच्या शाळेतून दरवर्षी एकच विद्यार्थी घ्यायची, आणि तोही शाळा ज्याची शिफारस करेल तोच. जुलैमध्ये शाळेत बैठक व्हायची, एक नाव ठरायचं, पत्र जायचं. शिफारस मिळाली की नोकरी मिळाल्यात जमा. नाही मिळाली तर ते दार कायमचं बंद, कारण तिथे लोक घेतात ते शाळेतून बाहेर पडतानाच. वर्गातल्या आणखी एका मुलाला तीच जागा हवी होती. मुलगा वाईट नव्हता, फक्त तिच्या पासंगालाही पुरत नव्हता. आणि तिच्या आईने सांगून ठेवलं होतं, ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर गावी ये आणि लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहा. हे मला माहीत होतं, म्हाताऱ्याला माहीत होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं.

बंपरचं काम आलं ते शाळेचं नवीन वर्ष सुरू झाल्या झाल्या, एप्रिलमध्ये. दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात स्वयंसेवकांचं बचावपथक होतं. त्यांच्याकडे चिखलात-डोंगरात चालणारी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी होती. भूकंपानंतर ती उत्तरेच्या उद्ध्वस्त भागात जाऊन कित्येक महिने मलबा ओढत राहिली आणि तिचा पुढचा बंपर चेपून, फाटून गेला. त्यांना आता जाड पोलादी बंपर हवा होता, मध्ये दोर गुंडाळून ओढणारी विंच बसेल असा आणि दोन्ही बाजूंना ओढायचे हुक असलेला. त्या जुन्या मॉडेलला बसेल असा तयार बंपर बाजारात मिळत नव्हता. प्राचार्यांना कल्पना फार आवडली. डिझाइन डॉक्टरांचं, वेल्डिंग मास्तरांचं, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि हे काम शिफारशीच्या वेळी प्रत्येकाच्या नावावर धरलं जाईल असंही सांगितलं. आम्ही दोघांनी कमरेत वाकून होकार दिला आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

मापं घ्यायला मी त्या गावी गेले. गाडीखाली पाठीवर झोपून, टेप आणि बॅटरी घेऊन दोन तास काढले. बंपर चॅसीला धरून ठेवतात ती दोन जाड पोलादी ब्रॅकेटं, आणि प्रत्येक ब्रॅकेटला हुक अडकवायला भोक असलेली एक आडवी पट्टी, तिला कान म्हणतात. उजव्या अंगाला चॅसीच्या दांड्याला खेटून स्टिअरिंगचा वजनदार डबा होता. त्यामुळे उजव्या ब्रॅकेटचा कान आतल्या बाजूला वळायलाच हवा होता. बाहेर वळला तर थेट डब्यावर आपटला असता. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. मग ग्योतोकुच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून अख्खा रविवार ड्रॉइंग केलं, लॅपटॉपवर, पुण्याच्या कॉलेजपासून जवळ असलेल्या माझ्या टेम्प्लेटवर.

शाळेच्या ड्रॉइंगखाली तीन चौकोन असत. काढलं कोणी, तपासलं कोणी, बनवणार कोण. प्रत्येक चौकोनात सहीऐवजी त्या त्या माणसाच्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा. तपासणाऱ्याचा चौकोन म्हाताऱ्याचा होता. म्हणजे कागद घेऊन मी त्याच्या टेबलापाशी जायचं, तो "आपण बसावं" म्हणणार, चष्मा पुसणार, पेन्सिलीला टोक करणार आणि मी शिक्षा झालेल्या पोरीसारखी ताटकळणार. मला ते मुळीच करायचं नव्हतं. मी कागद त्या मुलीकडे नेला.

"तू तपास," मी म्हटलं. "ड्रॉइंग वाचता येतं हेही दिसेल. बैठकीच्या वेळी उपयोगी पडेल."

ती चपापली. "सेन्सेई, हा मास्तरांचा चौकोन आहे."

"मी सांगते आहे ना."

तिने कागदावर दोन दिवस घालवले. प्रत्येक माप पट्टीने पडताळलं, बेरजा करून पाहिल्या, एका ठिकाणी माझा अर्ध्या मिलिमीटरचा घोळ शोधून काढला. मग खिशातून शिक्का काढून अगदी सरळ उमटवला. मी तिच्यावर उपकार करते आहे अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. खरं तर मला फक्त म्हाताऱ्याचं तोंड टाळायचं होतं.

त्यानेही ड्रॉइंग मागितलं नाही. आपला चौकोन दुसऱ्याने भरलेला त्याने भिंतीवरच्या कागदावर पाहिला होता. तो अपमान त्याने गिळला. तो मुलांना फक्त वेल्ड कसा घालायचा ते सांगायचा, काय बनतं आहे याकडे ढुंकून पाहायचा नाही. साडेचार मिलिमीटरचा पत्रा कापला गेला, वाकवला गेला. ब्रॅकेटांना नऊ मिलिमीटरची प्लेट. ती दोन्ही ब्रॅकेटं मुलीच्या वाट्याला आली, कारण सगळा भार त्यांच्यावर येणार होता आणि तिच्याइतका खोल वेल्ड दुसऱ्या कोणाचा होत नव्हता.

एकदा ती उजवं ब्रॅकेट हातात घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली. कान अजून वेल्डच्या दोन टाक्यांवर उभा होता, पक्का व्हायचा होता.

"सेन्सेई, कान याच बाजूला ना?"

मी कसलीशी मेल लिहीत होते. "ड्रॉइंगमध्ये आहे तसं कर," म्हणाले. मान वर केली नाही. ती "हाय", म्हणजे "हो", म्हणून गेली.

पथकाला गाडी रोज लागत असल्यामुळे ती शेवटच्या दिवशीच येणार होती. तोवर वर्कशॉपमध्ये चॅसीच्या मापाचे दोन दांडे उभे करून आम्ही बंपर त्यांवर बसवून पाहिला. सगळी भोकं जुळली. बोल्ट हाताने आत गेले. दांड्यांशेजारी स्टिअरिंगचा डबा नव्हता हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्या तर नाहीच. मी खूश होते. बंपर खरोखर सुंदर झाला होता, कडा गोल केलेल्या, पाइपांची तोंडं बंद, काळा रंग मारलेला. म्हाताऱ्याच्या मदतीशिवाय झाला, हे मला सगळ्यांत गोड वाटत होतं.

जूनअखेरीला पथकाचे पाच जण गाडी घेऊन आले. प्राचार्य आले, ऑफिसमधल्या दोघी आल्या, एकीच्या हातात कॅमेरा. मुलांनी बंपर उचलून गाडीच्या तोंडाशी धरला. डावी बाजू सरकून जागेवर बसली. उजवी बसेना. मुलांनी थोडं मागे घेऊन पुन्हा लावलं. धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला आणि बंपर चार बोटं बाहेरच राहिला. इथले लोक अशा वेळी बोलत नाहीत, जोरात श्वास आत ओढतात, तेवढं ऐकू आलं.

म्हातारा गुडघ्यावर बसला, बॅटरी घेऊन खाली डोकावला आणि हात पुढे करून ड्रॉइंग मागितलं. दोन सेकंद पाहिलं असेल.

काय झालं होतं ते सांगते. एखादी वस्तू कागदावर काढायच्या दोन रीती आहेत. भारतात आम्हाला शिकवली ती अशी, की डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे मांडायचं. जपानमध्ये डावीकडून दिसतं ते डावीकडेच मांडतात. दोन्ही रीती जगात मान्य आहेत, आणि कागद कुठल्या रीतीचा हे सांगायला कोपऱ्यात एक बारकं चिन्ह असतं. संस्थेतल्या पाच वर्षांत मला ड्रॉइंग काढायची वेळच आली नव्हती, त्यामुळे रीत बदलायला हवी हे माझ्या गावीही नव्हतं. माझ्या टेम्प्लेटवर ते चिन्ह होतं, आपल्याकडच्या रीतीचं, नखाएवढं. वर्गातल्या कोणी तसला कागद जन्मात पाहिला नव्हता. मुलीने चित्र इथल्या रीतीने वाचलं आणि आत वळायचा तो कान बाहेर वळला.

म्हातारा उठला आणि माझ्यावर ओरडला. सगळ्यांसमोर. इतके महिने जपलेला 'आपण' त्याने एका क्षणात फेकून दिला.

"हे काय काढलंस? इथल्या पोरांना वाचता येणार नाही असं ड्रॉइंग काढतेस आणि कोणाला विचारतही नाहीस? शिक्षिका म्हणवतेस ना स्वतःला? तुझ्यामुळे झालंय हे! तुझ्यामुळे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परदेशी बाई, सापडली एकदाची, म्हणून हा हिशेब चुकता करतो आहे, एवढंच मला दिसत होतं. भिंतीवरची माझी पट्टी दिसत होती. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला आणि माझ्या सगळ्यांत स्वच्छ जपानीत म्हणाले, "ड्रॉइंग बरोबर आहे. ही रीत जगभर चालते. कोपऱ्यात चिन्ह आहे, वाचणाऱ्याने ते वाचायला हवं होतं. आणि तपासल्याचा शिक्का हा इथे आहे." मी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि कागद प्राचार्यांना दिसेल असा धरला.

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मी जिंकले होते. तो आनंद मला अजून आठवतो, तो आनंदच होता, त्याला दुसरं नाव देत नाही.

मग मुलगी पुढे आली. हातमोजे काढले, कमरेतून पूर्ण वाकली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "तपासणीत माझ्याकडून चूक झाली. मला क्षमा करा." प्राचार्य "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पथकाचे लोक गाडी घेऊन परत गेले.

संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तोझाई लाइनच्या मेट्रोने रोज शहरात जातो, आणि त्याला कशाचाच राग येत नाही.

"अगं, सॉरी म्हणून मोकळं व्हायचं ना," तो म्हणाला. "आमच्याकडे सर्व्हर पडला तर मॅनेजर आधी सॉरी म्हणतो, रीझन मग दोन दिवस शोधत बसतात."

"चूक माझी नव्हती."

"चूक कोणाची हे तुला कोणी विचारलं होतं का?"

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी भाताच्या बाजूने आहे, गार होतोय," तो म्हणाला. मी ताट तसंच ठेवून उठले आणि शाळेचा दोष-अहवाल लिहायला बसले. घोळ झाला की असा अहवाल द्यावाच लागतो. मी लिहिलं: ड्रॉइंग मानकानुसार, चिन्ह योग्य जागी, तपासणीत ते पाहिलं गेलं नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रत्येक वाक्य मी म्हाताऱ्याच्या तोंडावर मारत होते. चौकोनातला शिक्का कोणाचा हे मी विसरले होते असं म्हणायची सोय नाही. मला माहीत होतं. फक्त तेव्हा मला ती दिसतच नव्हती, तोच दिसत होता.

पुढचे तीन दिवस वर्कशॉपमध्ये ब्रॅकेटं नव्याने झाली. मला कोणी बोलावलं नाही. काचेतून दिसायचं, मुलगी ग्राइंडरने स्वतःचेच वेल्ड कापते आहे, आणि म्हातारा तिच्याशेजारी उभा आहे. चौथ्या दिवशी पथकाचा माणूस आला, बंपर बसला, गाडी गेली.

जुलैच्या बैठकीत शिफारस त्या मुलाला मिळाली. रेल्वेच्या कामात तपासणीतला निष्काळजीपणा चालत नाही, अहवाल पाहता शाळा त्या मुलीचं नाव पाठवू शकत नाही, असं कारण दिलं होतं. मला ते ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, फोटोकॉपी काढता काढता, सहज. मार्चमध्ये शाळा संपली आणि ती गावी लाँड्रीत गेली, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे कुणीतरी दिलेली संधी वगैरे काही आलं नाही.

मी धावतच वर्कशॉपमध्ये गेले. दिवसअखेरची झाडलोट चालू होती. मुलं बादल्या घेऊन बाहेर गेली होती आणि म्हातारा टेबलांखालचा चुरा झाडत होता. मी काय बोलत होते मला नीट आठवत नाही. तिला कसं नाकारलं, तुम्ही काही बोलला का नाहीत, असं काहीतरी. त्याने झाडू टेबलाला टेकवला.

"बस," तो म्हणाला. 'आपण बसावं' नाही, नुसतं बस. "मी तुझ्यावर ओरडलो ते कशाला?"

"माझा अपमान करायला."

"थोडं तेही होतं. नाही म्हणत नाही. पण सगळ्यांसमोर कशाला ओरडलो? कागद हातात घेतला आणि मला आधी तिचा शिक्का दिसला. कोणाचं लक्ष तिकडे जायच्या आत मला एक माणूस हवा होता, ज्याच्यावर सगळं पडेल. तू काढणारी, तू शिक्षिका, तू परदेशी. तू वाकली असतीस तर प्राचार्य म्हणाले असते, असू दे, डॉक्टरांकडची पद्धत वेगळी. दोन मिनिटांत संपलं असतं. तुझं काही गेलं नसतं. मी ओरडत होतो आणि वाट बघत होतो, की ही आता वाकेल, आता वाकेल." त्याने तर्जनी टेबलावर टेकवली. "तू बोट ठेवलंस."

मला त्याचा तेव्हा जितका राग आला तितका त्याआधी कधीच आला नव्हता, कारण तो खरं बोलत होता.

"मग ड्रॉइंग आधी का नाही पाहिलंत?" मी म्हणाले. "एकदा पाहिलं असतंत तर कळलं असतं तुम्हाला."

"राग होता," तो म्हणाला. "तुला नव्हता?" मग त्याने सांगितलं, की तो दोनदा प्राचार्यांकडे जाऊन आला होता, तपासणी माझी होती, मी केली नाही, माझं नाव लिहा, म्हणून. प्राचार्य म्हणाले, अहवाल डॉक्टरांनी स्वतः लिहून दिला आहे. त्याने झाडू पुन्हा उचलला. मी त्याच्या कामात मध्ये उभी होते, म्हणून बाजूला झाले.

मीही प्राचार्यांकडे गेले. नवा अहवाल लिहून नेला, त्यात सगळं माझ्यावर घेतलं. ते फार सौजन्याने बोलले. पत्र सकाळीच गेलं होतं, आणि एकदा पाठवलेलं नाव मागे घेतलं तर कंपनी पुढच्या वर्षापासून आपल्याकडे पाहणार नाही, हे माझ्यासारख्या विद्वान व्यक्तीला समजेलच असं म्हणाले. माझा नवा अहवाल त्यांनी खणात ठेवला.

त्या मुलीला गाठायला मला आणखी चार दिवस लागले. धीर होत नव्हता, दुसरं काही नाही. शेवटी दुपारच्या सुट्टीत ती मला मागच्या लोखंडी जिन्याजवळ दिसली, एकटी, नाक्यावरच्या कोन्बिनी दुकानातला ओनिगिरी, भाताचा गोळा, खात. मला पाहून ती उठून उभी राहिली आणि ओनिगिरी पाठीमागे धरला.

मी वाकले. इतकी खाली मी त्या देशात कोणापुढे वाकले नव्हते. "चूक माझी होती," मी म्हणाले. "ड्रॉइंग माझं होतं. चौकोन मास्तरांचा होता आणि मी तो तुला भरायला लावला. तू विचारायला आलीस तेव्हा मी मान वर केली नाही. आणि त्या दिवशी मी तुला पुढे केलं. मला माफ कर."

मी मान वर केली तर ती माझ्याकडे नव्हती पाहत. आधी जिन्याकडे, मग आवाराकडे, मग वरच्या बंद खिडक्यांकडे, एकेक करून बघत होती. मला वाटलं, कोणी पाहील म्हणून तिला अवघड झालं आहे.

"सेन्सेई," ती म्हणाली, "इथे कोणीच नाही."

"हो," मी म्हणाले, "म्हणून तर..."

"त्या दिवशी सगळे होते."